सप्रे मास्तरांचा विद्यार्थी आणि ताजचा ट्रम्पेट

न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर २००८ साली ‘ल प्वासाँ रूज’ नावाचा एक नाइट क्लब निघाला, संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेल्या दोघा मित्रांचा. तिथं हातात पेला घेऊन मंडळी आज अभिजात व्हायोलिन ऐकतात, तर उद्या रॉक. आपण नागपूरकर गाणं ऐकणार ते सतरंजीवर नाहीतर सभागृहात, आणि मध्यंतरात फार तर चहा! पण असल्या मिसळीचा एक मोठा कारागीर याच गावात सारेगम घोटून गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकलेल्या मुलांत दोघांचं नाव पुढं फार मोठं झालं. एक वसंतराव देशपांडे. दुसरे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र.

अण्णा मुंबईत सिनेमासंगीतात आले तेव्हा त्या शहरात रात्रीचं एक वेगळंच संगीत नांदत होतं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि जाझचं वेड पसरलं. ते उचललं गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं असे. हळदोण्याचे अँतोनियो शावियेर वाझ त्यातलेच. ट्रम्पेट हाती घेतला आणि ते ‘चिक चॉकलेट’ झाले. रात्री ताजमध्ये बँड, दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं क्लबांची रया गेली, तेव्हा या वादकांना स्टुडिओचाच मोठा आधार उरला.

आणि तिथंच खरी गंमत झाली. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवणार, गोव्याचा सहायक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला वाटून देणार. हे वाटतं तितकं सोपं नव्हे. राग एका सुरामागून दुसरा सूर घेत चालतो. पाश्चात्त्य संगीत चार सूर एकदम वाजवतं. त्यातला एखादा सूर रागाला वर्ज्य असला की सगळं बिघडलं! ‘अलबेला’मध्ये (१९५१) अण्णांचे सहायक चिक चॉकलेट होते. त्या एकाच चित्रपटात बोंगोवर थिरकणारं गाणं आहे आणि पिलूच्या वळणाची अंगाईही. दोन्ही अस्सल वाटतात, कारण दोघांनीही आपापली विद्या नीट घोटलेली होती. हल्लीच्या पुष्कळशा ‘फ्यूजन’मध्ये मला नेमकं तेच कमी वाटतं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर याहून पुढं गेले. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव या गुरूचंच. बाकी बहुतेक वादकांची नावं ना तबकडीवर आली, ना पडद्यावर. मानधन घेऊन ते घरी गेले.

चिक चॉकलेट १९६७ साली वारले. ‘अलबेला’ पुन्हा पाहाल तेव्हा भगवानदादांवरून नजर जरा मागं न्या. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून वाजवणारे ते नट नव्हेत. तो त्यांचाच बँड आहे.