गिळतं थोडं, उधळतं फार



कृष्णविवराचा विषय निघाला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ज्यातून प्रकाशही सुटत नाही, ते दिसतं कसं? खरं तर कृष्णविवर दिसत नाहीच. दिसतो तो त्याच्याकडे निघालेला वायू. पडता पडता तो घुसळला जातो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हाडाचा फोटो काढायला वापरतात, तेच हे किरण.

सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराभोवतीच्या दाट तबकडीत हाच आकडा १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून काही दीर्घिकांचं केंद्र त्यांच्या सगळ्या ताऱ्यांपेक्षाही जास्त तळपतं. पण अशा दीर्घिका थोड्याच. बाकीच्यांपैकी बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटातही महाकाय कृष्णविवर असतं, तरी केंद्र मिणमिणतं. असं का?

मी आयटी सल्लागार. एखाद्या धंद्यात नफा कमी दिसला, की आम्ही आधी विचारतो: माल कमी येतोय, की आलेला माल वाटेतच गळतोय? इथेही प्रश्न तोच आहे.

साध्या प्रकाशात हा हिशेब लागत नाही, कारण केंद्रापाशी ताऱ्यांची गर्दी आणि धूळ असते. जोरकस क्ष-किरण धुळीतून पार होतात, पण पृथ्वीचं वातावरण त्यांना अडवतं. म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. नासाने १९९९ मध्ये अशी एक वेधशाळा सोडली. तिचं नाव 'चंद्रा', आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेलं. तिची नजर इतकी बारीक, की केंद्रातून येणारे किरण शेजारच्या ताऱ्यांच्या किरणांपासून वेगळे काढता येतात.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, ४० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. २०१२ मध्ये चंद्राने त्याच्याकडे एकूण सुमारे ३० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच आठवडे भरतील इतका वेळ पाहिलं. तापलेल्या लोखंडाच्या अणूंची क्ष-किरणांत ठरावीक खूण उमटते. तिच्यावरून किती गरम वायू किती आतपर्यंत पोचलाय, हे कळतं. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: कृष्णविवराच्या ओढीत सापडलेल्या वायूपैकी १ टक्काही शेवटपर्यंत पोचत नाही! विरळ, गरम वायूला आत पडण्यासाठी आपली उष्णता आणि गिरकी सोडावी लागते. बहुतेक वायू बाहेर फेकला जातो, तेव्हा कुठे थोडासा आत जातो.

पण हा फेकलेला वायू प्रत्यक्ष दिसला का? त्यासाठी एम ८१ या दीर्घिकेकडे वळू. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. हिचं केंद्र सक्रिय आहे, पण मंद. रुग्णवाहिका जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या भोंग्याचा सूर बदलतो, तशीच वायूच्या वेगानुसार लोखंडाची खूणही सरकते. एम ८१ मध्ये ती दोन्ही बाजूंना सरकलेली सापडली. म्हणजे वायूचा एक झोत आपल्याकडे येतोय, दुसरा लांब जातोय, सेकंदाला सुमारे २,८०० किलोमीटर वेगाने. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग एवढ्या हिशेबाचा उपयोग काय? नवे तारे थंड वायूतून जन्मतात. केंद्रातून गरम वारा सतत वाहत राहिला, तर भोवतालचा वायू थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे हे मंद, शांत वाटणारं कृष्णविवरसुद्धा पुढे किती तारे जन्मतील, यावर परिणाम करू शकतं.

एम ८१ सप्तर्षींच्या परिसरात आहे. उत्तर गोलार्धात राहत असाल, तर शहराच्या दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या रात्री साध्या द्विनेत्रीतूनही ती धूसर ठिपक्यासारखी दिसते. एकदा मुलांना घेऊन जरूर शोधा. वारा दिसणार नाही, पण तो कुठे वाहतोय, हे त्यांना दाखवता येईल.