सामान पुढे, माणसं मागे

क्रूझच्या जाहिरातीत डेकवरचा सूर्यास्त दिसतो, पोहण्याचा तलाव दिसतो. बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटशी टॅक्सीतून उतरणाऱ्या बॅगा आणि त्या मोजणारे घामाघूम जावई दिसत नाहीत. मुंबईहून गोव्याला निघणाऱ्या क्रूझवर चढणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असतो. माझ्या मते सगळ्या सहलीत खरं पाहण्यासारखं तेच.

इथे घाई प्रवाशांपेक्षा जहाजाला असते. सकाळी ते धक्क्याला लागतं तेव्हा आधीच्या फेरीची माणसं आतच असतात. त्यांना उतरवायचं, शेकडो केबिनींच्या चादरी बदलायच्या, कचरा काढायचा, भाजी-दूध-अंडी भरायची आणि संध्याकाळच्या आत नवी हजार-दीड हजार माणसं आत घ्यायची. म्हणून प्रत्येकाला चेक-इनची वेळ ठरवून दिलेली असते. पण वेळेआधी दोन तास पोचणं हा आपल्याकडे सद्गुण! तो इथे उकाड्यात उभं राहून फेडावा लागतो.

पहिला धक्का बसतो तो सामानाचा. मोठी बॅग दारातच सोडायची. तिला केबिन नंबरचा टॅग लागतो, ती एक्स-रेतून जाते आणि काही तासांनी केबिनच्या दाराशी येऊन उभी राहते. तोवर तिचं दर्शन नाही. माझ्या पुढे सोलापूरकडचं एक जोडपं होतं.

‘‘अहो, बीपीच्या गोळ्या कुठं ठेवल्या?’’

‘‘मोठ्या बॅगेत.’’

‘‘आणि मोठी बॅग?’’

काकांनी नुसतं जहाजाकडे बोट दाखवलं. काकू त्यानंतर फॉर्म भरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

काही बॅगा तर दाराशीही येत नाहीत. इस्त्री, किटली, पाण्यात सोडायची हीटरची कांडी असलं काही एक्स-रेत दिसलं की बॅग बाजूला आणि मालकाला बोलावणं. लोक हुज्जत घालतात, ‘‘चहापुरती तर आहे!’’ भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब येत नाही, विझवायची ती जहाजावरच्याच माणसांनी. त्यामुळे या एका बाबतीत सुरक्षावाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चेक-इनच्या खिडकीवरची गंमत वेगळी. तिकीट सासरच्या नावाने, आधार कार्ड माहेरच्या. काढलं दिराने, त्याने घरात हाक मारतात तेच नाव टाकलेलं. चौदा जणांच्या एका गटात सगळ्यांची ओळखपत्रं एकट्या दादांकडे होती आणि दादा तपासणी पार करून पुढे गेले होते. मागे तेराजण, ‘‘दादा! अहो दादा!’’ मग फोन, मग माफी, मग एका शिपायाच्या हातून ओळखपत्रांचं पाकीट परत आलं. त्या शिपायाचा शांतपणा मला जहाजापेक्षा भव्य वाटला.

शेवटी फोटो काढून कार्ड हातात पडतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं, खरेदीही त्यावरच. चढता-उतरता ते मशीनवर टेकवायचं, त्यावरून कोण आत आणि कोण बाहेर हे जहाजाला कळतं.

मग गँगवे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाणी 4 ते 5 मीटर वरखाली होतं, म्हणजे दीड मजला. त्यामुळे सकाळी सपाट वाटणारा गँगवे दुपारी चढण होऊ शकतो. खलाशी तो पुन्हा जुळवत राहतात. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात कठडा धरून चढणाऱ्या आजींना सून म्हणत होती, ‘‘सावकाश हं.’’ आजी म्हणाल्या, ‘‘आम्ही पडावातून आगबोटीवर चढलोय गो.’’ खरंच आहे. कोकणातल्या कित्येक बंदरांत बोट खोल पाण्यात थांबे, पडाव तिच्या अंगाला लागे आणि लाट वर आली की पाऊल टाकायचं. इथे बॅलार्ड पिअरला इंग्रजांच्या काळात वेगळाच थाट होता. विलायतेहून आलेले साहेब बोटीतून उतरून धक्क्यावरच्याच स्टेशनात गाडीत बसत आणि परस्पर उत्तरेकडे निघत.

आत शिरल्यावर सगळे दोनच दिशांना पळतात, लिफ्टकडे आणि बुफेकडे. तेवढ्यात भोंगा होतो. सात लहान, एक लांब. आपत्कालीन सराव, म्हणजे प्रत्येकाने ठरलेल्या जागी जमायचं. कोणी प्लेट घेऊन येतं, कोणी येतच नाही, तरुण मंडळी सेल्फीत. मला राग येतो तो इथे. 13 जानेवारी 2012 च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि 32 जण मेले. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता. तेव्हाच्या नियमानुसार तो 24 तासांत घेतला तरी चालत असे. 1 जानेवारी 2015 पासून तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. आणि 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडून 600 हून अधिक माणसं गेली, त्या शहराला हे इटलीने शिकवायला नको.

तेव्हा गोळ्या आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, आपलं ओळखपत्र आपल्याच खिशात ठेवा आणि भोंगा झाला की प्लेट खाली ठेवून आपल्या जमण्याच्या जागी जा. बटाटेवडे नंतरही मिळतात.