मागे गेलेला पॉझिट्रॉन

भिंगाखाली तेलाचा थेंब सोडला की काम सुरू होतं. काचेवर इमल्शनचा जाड थर असतो, म्हणजे जिलेटिनमध्ये दाटीनं बसलेलं सिल्व्हर ब्रोमाइड. विद्युतभारित कण त्यातून जातो आणि डेव्हलप केल्यावर त्याच्या वाटेवर चांदीचे काळे ठिपके उमटतात. पायॉनची रेघ दाट होत होत थांबते. तिथं पायॉनचं विघटन होऊन म्यूऑन निघतो, सुमारे ०.६ मिलिमीटर जातो आणि थांबतो. त्याचंही विघटन होऊन पॉझिट्रॉन बाहेर पडतो. मला मोजायचा असतो तो म्यूऑन आणि पॉझिट्रॉन यांच्यातला कोन.

पण म्यूऑनची दिशा कुठली धरायची? सगळं त्यावरच अवलंबून आहे. वेग मंदावताना म्यूऑन धक्के खात वाकडातिकडा जातो. त्याचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा गुणधर्म, मात्र जन्माच्या वेळच्या दिशेलाच धरून राहतो आणि पॉझिट्रॉनची दिशा त्या स्पिनशीच जोडलेली असते. म्हणून आयपीसमधली रेघ म्यूऑनच्या पहिल्या काही ठिपक्यांवर बसवायची, शेवटच्या वळणावर कधीच नाही.

मग खोली. फाइन फोकस फिरवत रेघ किती खाली उतरली ते वाचायचं. फिक्स करताना उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड धुऊन जातं आणि थर निम्म्याहून पातळ होतो, म्हणून तो आकडा त्या प्रमाणात वाढवून घ्यावा लागतो.

खरी परीक्षा पॉझिट्रॉनची. त्याचे ठिपके इतके विरळ, की आसपासच्या भटक्या ठिपक्यांत हरवतात. उभा खाली घुसला तर जेमतेम दोन-चार दिसतात. उलट फिरून म्यूऑनच्याच वाटेनं गेला तर त्या दाट रेघेत लपतो. कंटाळून म्यूऑनच्या रेघेचं असं एखादं टोक सोडलं, की नेमके एकाच दिशेचे कण हिशेबातून गळतात. हे मला फार गंभीर वाटतं, कारण पुढे आणि मागे जाणाऱ्या पॉझिट्रॉनांच्या संख्येतला, शोधायचा तो फरकच लहान असतो.

१९५७ साली शिकागोचे जेरोम फ्रीडमन आणि व्हॅलेंटाइन टेलेग्डी यांनी असेच कोन मोजून दाखवलं, की पॉझिट्रॉन मागच्या बाजूला थोडे जास्त जातात. म्हणजे हे विघटन आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब सारखं नसतं. पायॉन तयार करणाऱ्या सायक्लोट्रॉनजवळच्या चुंबकीय क्षेत्रानं म्यूऑनचा स्पिन फिरू नये म्हणून त्यांनी इमल्शनभोवती चुंबकरोधक कवच घातलं होतं. मागे जाणाऱ्यांचं हे आधिक्य निम्म्यापेक्षा शंभरामागे चार-पाच कणांचं. शंभर टोकं मोजली तर तेवढी चढउतार निव्वळ योगायोगानंही होते. दोन हजार मोजली, की योगायोगाची चढउतार २२च्या आसपास राहते आणि मागे गेलेले कण निम्म्यापेक्षा ८०-१००नं जास्त भरतात.