नम्रतेचे मूळ भरवशात

नम्रता म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठण जवळच. तिथल्या नाथमहाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक जण पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ न रागावता पुनःपुन्हा स्नानाला गेले. शेवटी शरमला तो थुंकणाराच.

ख्रिस्ती धर्मातला नम्रतेचा धडाही असाच साधा आहे. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देत. येशूच्या काळी पाहुण्याचे पाय धुणे हे घरच्या चाकराचे काम होते. अखेरच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन होईना. आजही ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, ते याच आठवणीने.

योहानाच्या शुभवर्तमानात या प्रसंगाआधी एक गोष्ट सांगितली आहे, ती सहज नजरेतून सुटते. आपण देवाकडून आलो आणि देवाकडेच जाणार, हे येशूला ठाऊक होते. हे सांगून झाल्यावर तो भोजनावरून उठला, असे वर्णन येते. म्हणजे आधी भरवसा आणि मग नम्रता. ज्याला आपली जागा पक्की ठाऊक आहे, त्याला खाली वाकण्याची भीती वाटत नाही. ज्याला ती ठाऊक नाही, तो मानपानासाठी आयुष्यभर भांडत राहतो.

याचे जवळचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर अनवाणी देश पालथा घालत त्या कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते मात्र पंडितांसाठी नव्हे. जेमतेम वाचू शकणाऱ्या बाईलाही समजावे, म्हणून त्यांनी साधी मराठी निवडली. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या विदुषीने आपली विद्वत्ता बाजूला ठेवली. हेही पाय धुणेच नव्हे का?

आणि त्यांचा भरवसा? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांपुरती कबूल केलेली मदत तेव्हा संपत आली होती. तरी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. रमाबाई प्रार्थना करीत. पण प्रार्थना करून हात बांधून बसल्या नाहीत. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. ‘देव पाहील’ म्हणून स्वस्थ बसणे हा आळस झाला. आपले काम पुरते करायचे आणि फळाची चिंता देवावर सोपवायची, हा भरवसा.

नम्रतेबद्दल आणखी एक गैरसमज आहे. नम्र माणसाने मान खाली घालून सगळे सोसावे, असे पुष्कळांना वाटते. विशेषतः स्त्रियांना, गरिबांना हा उपदेश फार लवकर केला जातो. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची झालेली हेळसांड पाहून रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि सरकारला खडसावले. स्वतःच्या मानासाठी त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्याच्या अब्रूसाठी मात्र गप्प राहिल्या नाहीत. देवापुढे झुकलेल्या माणसाला सत्तेपुढे झुकावे लागत नाही. लाचारी भीतीतून येते, नम्रता भरवशातून. वरवर सारख्या दिसल्या, तरी दोन्हींची मुळे वेगळी.

हे रोजच्या जगण्यात कसे आणायचे? येशूची शिकवण फार व्यवहारी आहे. दान द्यावे, पण त्याचा गाजावाजा करू नये. मेजवानीत मानाची जागा आपणहून धरू नये. उद्याची काळजी आजच डोक्यावर घेऊ नये. यात आपण घरातल्या दोन गोष्टींची भर घालू. जे काम आपण नेहमी दुसऱ्यावर ढकलतो, ते कधीतरी न सांगता करावे. आणि गरज पडली, तर मदत मागायला लाजू नये. देणारा नम्र असू शकतो. पण घेताना नम्र राहणे अधिक कठीण. पेत्राला तेच जड गेले होते.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. कन्या मनोरमा त्यांच्या आधीच, १९२१ मध्ये, गेली होती. ज्या मुलीच्या हाती काम सोपवायचे, तीच राहिली नाही. तरीही भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांच्या पश्चात ते बायबल छापून निघाले आणि केडगावची ‘मुक्ती’ही चालू राहिली. काम आपले नाही, आपल्याकडे सोपवलेले आहे, हे ज्याला उमगले, तो ते मन लावून करतो आणि वेळ आली की शांतपणे खाली ठेवतो.