आयटी मालमत्तेच्या नोंदी आणि एआय एजंटचा शोध

संस्थेतले लॅपटॉप, सर्व्हर, राउटर, प्रिंटर आणि त्यांवरच्या सॉफ्टवेअरचे परवाने मिळून तिची आयटी मालमत्ता होते. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत अशा वस्तू डेड स्टॉक रजिस्टरात चढवतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी सर्व्हिसनाऊ, जीएलपीआय, स्नाइप-आयटी यांसारख्या प्रणाली वापरतात. वस्तूचा असेट टॅग, सिरियल नंबर, मॉडेल, खरेदीची तारीख, वॉरंटीची मुदत, ती कोणाच्या ताब्यात आणि कुठे आहे, हे सारे एका नोंदीत असते. या नोंदी एआय एजंटला शोधता याव्यात म्हणून आता खास शोधसाधने बनवली जात आहेत.

नोंदी अपुऱ्या असल्या की काय ओढवते, हे २०१७ साली अमेरिकेत दिसले. इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची खासगी माहिती चोरीला गेली. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी मार्चमध्येच जाहीर झाली होती, दुरुस्तीही मिळत होती आणि ती करून घेण्याची सूचना कंपनीत फिरली होती. मात्र हे सॉफ्टवेअर नेमके कुठे कुठे चालते, याची पूर्ण यादी कंपनीकडे नव्हती, असे अमेरिकी संसदेच्या चौकशीत पुढे आले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या घटकातला दोष उघड झाला, तेव्हाही जगभरच्या आयटी विभागांना आधी हेच शोधावे लागले की तो आपल्याकडे कुठे आहे.

एआय एजंट भाषा-मॉडेलवर चालतो, आणि अशा मॉडेलला एखाद्या कंपनीचे रजिस्टर मुळात ठाऊक नसते. नुसते विचारले तर ते खरा वाटेल असा सिरियल नंबर रचूनही देऊ शकते, आणि धोका इथेच आहे. म्हणून एजंटच्या हाती शोधसाधन दिले जाते. त्याला नाव असते, ते काय करते याचे वर्णन असते आणि कोणती माहिती भरायची याचा साचा असतो. अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली.

समजा, कोणी विचारले, ‘नाशिक शाखेत विंडोज १० वरचे किती लॅपटॉप उरलेत?’ मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्यामुळे हा प्रश्न अनेक ठिकाणी खराच पडलेला आहे. एजंट साच्यात वस्तूचा प्रकार, ठिकाण, आवृत्ती आणि ‘वापरात’ ही स्थिती भरतो. साधन डेटाबेसमधून नोंदी काढून देते. पण रजिस्टरात ‘नाशिक’ कुठे ‘नासिक’ असते, तर कुठे ‘एनएसके’ एवढाच संकेत. मान्य पर्यायांची यादी साधनाने आधीच पुरवली नसेल, तर शोध रिकामा परततो आणि एजंट बिनदिक्कत ‘एकही नाही’ असे सांगून मोकळा होतो.

अर्थावरून शोधण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. ‘डिझाइन विभागाचा जड कामाचा संगणक’ अशा वर्णनाला ती चालते, सिरियल नंबरला नाही. एका अक्षराच्या फरकाने यंत्र बदलते, म्हणून तिथे तंतोतंत जुळणीच हवी. निकालांच्या संख्येचेही तसेच. एका वेळी २० नोंदी दिल्या आणि एकूण ३४० आहेत हे कळवले नाही, तर एजंट वीसच मोजणार. ‘नोंद नाही’, ‘पाहण्याची परवानगी नाही’ आणि ‘प्रणाली बंद आहे’ ही तीन उत्तरे साधनाने वेगवेगळी द्यायला हवीत. चांगले साधन ओळखण्याची ही पहिली कसोटी मानावी. यंत्र नेटवर्कवर शेवटचे कधी दिसले ती तारीखही निकालात असावी. तिच्यावरून नोंद कितपत ताजी आहे ते कळते.

सुरक्षेचा भाग दुर्लक्षून चालणार नाही. कोणाकडे कोणते यंत्र आहे आणि त्यावर कोणती जुनी आवृत्ती आहे, ही माहिती हल्लेखोराला आयतीच उपयोगी पडते. विचारणाऱ्या माणसाला जेवढे पाहता येते तेवढेच त्याच्या वतीने एजंटला दिसावे आणि प्रत्येक शोधाची नोंद राहावी. ‘शेरा’ या रकान्यात कोणी मुद्दाम आज्ञा लिहून ठेवली, तर एजंट ती सूचना समजून पाळण्याचा धोका असतो. तो मजकूर फक्त माहिती म्हणूनच हाताळला पाहिजे.

सुरुवातीला साधनाला केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. नोंद बदलणे किंवा निर्लेखन करणे माणसाच्या मंजुरीवरच ठेवावे. आणि साधन जोडण्याआधी एकदा टेबलांवरची, कपाटांतली यंत्रे प्रत्यक्ष मोजून, टॅग पाहून रजिस्टराशी ताडून घ्यावीत. रजिस्टरात चढलेच नाही ते यंत्र कोणताही एजंट शोधू शकत नाही.