मिश्रणाचे मोल
मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200हून अधिक पटींनी घट्ट जखडतो. म्हणूनच तो प्राणघातक ठरतो.

पेट्रोल गाडीच्या धूरनळीतील उत्प्रेरकात मौल्यवान धातूंसोबत सेरियम ऑक्साइड असते. ते आपल्याजवळचा प्राणवायू देऊन या विषाचे कार्बन डायऑक्साइड करते आणि आलेली तूट धुरातील प्राणवायूने भरून काढते. परंतु तीव्र उष्णतेत त्याचे कण एकमेकांना चिकटतात व ही देवघेव मंदावते. त्यात झिर्कोनियम मिसळले, की स्फटिकाची रचना किंचित विस्कटून प्राणवायू सहज सुटतो. कणही उष्णतेत टिकतात.

व्यापारात भेसळ निंद्य. येथे मात्र योग्य मिश्रणच जीवरक्षक ठरते. तरीही सावध असावे. थंड उत्प्रेरक जवळजवळ निष्क्रिय असतो, म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये.