निळ्या फितीची शाळा कशी ठरत असे?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांना प्रार्थना घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तसा निकाल दिला आहे. तरीही तिथल्या एखाद्या कॅथलिक शाळेच्या दारावर केंद्र सरकारच्या सन्मानाचा फलक अभिमानाने लावलेला दिसतो: 'नॅशनल ब्लू रिबन स्कूल'. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी आईबाबांना मुलांसाठी शाळा बघताना असा फलक दिसला, तर सरकारनेच या शाळेवर 'उत्तम' असा शिक्का मारला आहे, असं वाटणं साहजिक आहे. तो शिक्का नेमका कशावर बसत असे, हे पाहण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९२२ मध्ये ऑरेगन राज्याने जवळजवळ सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याचा कायदा केला. शाळा चालवणाऱ्या कॅथलिक नन्सच्या एका संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. खाजगी धार्मिक शाळेत मूल घालण्याचा पालकांचा हक्क तेव्हापासून पक्का झाला. दुसऱ्या बाजूला, सरकार धर्माची पाठराखण करू शकत नाही. त्यामुळे सरकारला अशा शाळेचं कौतुक करायचं असेल, तर ते गणित, वाचन अशा धर्मेतर विषयांपुरतंच करता येतं. धर्मशिक्षणाचे तास, रोजची प्रार्थना यांचं वर्णन शाळा ब्लू रिबनच्या अर्जात करत असे, पण पात्रतेच्या मोजमापात त्याने काही वाढत नसे आणि घटतही नसे. हा तोल मला मोलाचा वाटतो.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातले शिक्षणमंत्री टेरेल बेल यांनी १९८२ मध्ये ही ब्लू रिबन योजना सुरू केली. आधी ती माध्यमिक शाळांपुरती होती, प्राथमिक शाळा नंतर आल्या. २००२ च्या शिक्षण कायद्यानंतर चाचण्यांच्या निकालांना निर्णायक वजन आलं. सरकारी शाळांची नावं प्रत्येक राज्याचे शिक्षणप्रमुख सुचवत. खाजगी शाळांना असा वरिष्ठ नसतो. त्यांची छाननी 'कौन्सिल फॉर अमेरिकन प्रायव्हेट एज्युकेशन' ही १९७१ मध्ये स्थापन झालेली शिखर संस्था करी आणि देशभरातून वर्षाला जास्तीत जास्त ५० नावं पुढे पाठवी. शाळा किमान पाच वर्षं चालू असावी, मागच्या पाच वर्षांत तिला हा मान मिळालेला नसावा, नागरी हक्कांच्या उल्लंघनाचं प्रकरण तिच्यावर नसावं, या अटी होत्या. बक्षिसाची रक्कम नव्हती; वॉशिंग्टनमधला समारंभ, स्मृतिफलक आणि ध्वज एवढंच.

खरी मेख चाचणीत आहे. खाजगी शाळांना राज्याची परीक्षा सहसा बंधनकारक नसते. त्या बाजारातल्या प्रमाणित चाचण्यांपैकी एक निवडतात: आयोवा, टेरानोव्हा, स्टॅनफर्ड अशा. या चाचण्या तयार करताना देशभरातल्या मुलांचा एक नमुना गट आधी ती सोडवतो आणि पुढच्या प्रत्येक मुलाची तुलना त्या गटाशी होते. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. एमएचटी-सीईटी दिलेल्या मुलांच्या घरी हे समजावून सांगावं लागत नाही: ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के गुण नव्हेत, आपल्या खाली ८५ टक्के मुलं आहेत एवढंच. ब्लू रिबनसाठी खाजगी शाळेने वाचन आणि गणितात देशातल्या वरच्या १५ टक्क्यांत असणं आवश्यक होतं.

पण इथे तुलना शाळेची शाळेशी होती. प्रत्येक शाळेत हुशार आणि मागे पडलेली मुलं एकत्र बसतात, म्हणून शाळांच्या सरासऱ्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ असतात. परिणामी वरच्या १५ टक्के शाळांत बसायला शाळेतलं सरासरी मूल ८५ पर्सेंटाइलला असावं लागत नसे. त्याच्या बऱ्याच अलीकडे असलं तरी पुरत असे. शिवाय चर्चच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळा अनेकदा छोटी असते. एका इयत्तेत पंधरा मुलं असली, तर दोन नवी मुलं आल्याने किंवा गेल्याने वर्गाची सरासरी हलते. एका वर्षाच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये ती यासाठी.

आणि ती मुलं कोणत्या घरांतून येतात? खाजगी शाळा प्रवेश नाकारू शकते, फी घेते. राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या २००६ च्या अहवालात सरकारी आणि खाजगी शाळांच्या २००३ च्या निकालांची तुलना आहे. नुसत्या सरासरीत खाजगी शाळा पुढे होत्या. मुलांची घरची आणि सामाजिक पार्श्वभूमी हिशोबात धरल्यावर मात्र चित्र बदललं: चौथीच्या वाचनात लक्षणीय फरक उरला नाही, चौथीच्या गणितात सरकारी शाळा पुढे गेल्या, आठवीच्या गणितात बरोबरी झाली, आणि आठवीच्या वाचनात खाजगी शाळांची आघाडी टिकली. या शाळांतले शिक्षक मेहनत घेत नाहीत, असा याचा अर्थ नाही. निकालातला शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे फलक सांगू शकत नाही, इतकंच.

ते थोडंफार कळतं अर्जातून, आणि योजनेचा हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. सन्मान मिळालेल्या शाळांचे अर्ज जाहीर केले जात. खाजगी शाळांसाठी त्यात एक वेगळी पुरवणी होती: दर विद्यार्थ्यामागे खर्च किती, सरासरी आर्थिक मदत किती, अंदाजपत्रकाचा किती हिस्सा फी सवलतीवर जातो, किती टक्के मुलांना ती मिळते. मुख्य अर्जात इंग्रजी नव्याने शिकणारी, अपंगत्व असलेली, गरीब घरांतली मुलं किती, तेही यायचं. दोन शाळांच्या निकालांचे आकडे सारखे असले, तरी निम्म्या मुलांना फी सवलत देणाऱ्या शाळेचं यश मी मोठं मानेन.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने ही योजना बंद केली. शाळांचा गौरव करायचा तर तो राज्यांनी करावा, अशी भूमिका घेतली. जुने फलक अर्थातच राहतील. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा फलकावरचं वर्ष आधी वाचा, त्या वर्षीचा अर्ज मिळाला तर तो पाहा, आणि मुख्याध्यापकांकडे मागच्या तीन वर्षांचे इयत्तावार निकाल मागा: चाचणी कोणती, किती मुलांनी दिली, आणि मधल्या काळात किती मुलं शाळा सोडून गेली.